कलमवाल्यांची गाडी

मला लिहिण्याचा अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. वडील संत्र्याच्या बगीच्यात मजुरी करतात आणि सही करताना अजूनही श्वास रोखून धरतात. मी स्वतः आजवर लिहिले ते परीक्षेचे पेपर आणि लोकांचे अर्ज. माणसावर कसं लिहायचं हे मला कुणी शिकवलं नाही. शिवाय ज्यांच्यावर लिहितो आहे त्यांच्याबद्दल मी पूर्वी एकदा लिहिलेलं आहे, आणि त्या लिहिण्यानं त्यांचं फार वाईट केलं. वाचणाऱ्यानं मला माफ करावं किंवा करू नये, पण ऐकून घ्यावं. कारण सौसरच्या बसस्टँडवर आजही त्यांची गोष्ट दोन प्रकारांनी सांगतात. युनियनवाले सांगतात, तो फितूर होता. कंपनीवाले सांगतात, तो भडकवणारा होता. एकच माणूस दोन्ही कसा असेल, एवढा साधा प्रश्न कुणाला पडत नाही. मला त्याचा राग येतो.

ते ड्रायव्हर होते. सौसर ते पांढुर्णा रस्त्यावर एका खाजगी कंपनीच्या बसगाड्या चालायच्या, त्यातली सकाळची साडेआठची त्यांच्याकडे होती. मी बोरगावहून सायकलनं सौसरला यायचो, सायकल पानठेल्यामागे लावायचो आणि त्या गाडीनं पांढुर्ण्याच्या कॉलेजात जायचो. आम्ही पोरं त्यांना ‘कलमवाले’ म्हणायचो. कंपनीनं नोकरीत घेताना प्रत्येक ड्रायव्हरला नियमांचं एक पुस्तक दिलं होतं, हिंदीत, कारण आमच्याकडे कागदोपत्री सगळं हिंदीतच चालतं. बाकीच्यांनी ते कुठं टाकलं ते त्यांनाही आठवत नव्हतं. यांनी त्याला जाड पुठ्ठा चढवला होता आणि ते खाकी शर्टाच्या खिशात असायचं. इंजिनाच्या झाकणावर कुणी बसायला गेलं की मागे वळून न बघता म्हणायचे, “कलम अकरा.” टपावर कुणी चढलं की चावी काढून मांडीवर ठेवायचे आणि गप्प बसून राहायचे. टपावरचा उतरेपर्यंत चावी मांडीवर. आत बसलेले लोक वरच्याला शिव्या द्यायचे, मग यांना द्यायचे, मग वरचा उतरायचा.

त्यामुळे त्यांची गाडी रोज पंचवीस मिनिटं उशिरा पोचायची. रोज. आमच्या इतिहासाच्या सरांनी हजेरी घेताना विचारणं सोडून दिलं होतं.

त्यांना ‘उस्ताद’ म्हटलेलं चालत नसे. आमच्याकडे सगळे ड्रायव्हरला उस्ताद म्हणतात, त्यात मानच असतो. हे म्हणायचे, “चालक म्हणा. पुस्तकात चालक आहे.” त्यांचा कंडक्टर पांढुर्ण्याचा, गमत्या माणूस. तो मुद्दाम ओरडायचा, “चालक महोदय, चला न बाप्पा आता!”

गावाबाहेर छोट्या लाइनच्या रेल्वेचा रूळ रस्त्याला आडवा जातो. तिथं फाटक नव्हतं, फाटकवालाही नव्हता. यांची गाडी तिथं पूर्ण थांबायची. कंडक्टरनं खाली उतरायचं, दोन्हीकडे बघायचं, शिटी मारायची, मग गाडी रुळापार. भर उन्हात, रोज.

“अजी, सकाळची गाडी कवाच गेली,” कंडक्टर म्हणायचा. “मी सोता पाह्यली.”

“तुनं गाडी पाह्यली. गाडीनं तुले पाह्यलं का?”

“कोनती गाडी येऊन राहिली आता?”

“तेच पाहाले उतर.”

मग कंडक्टर उतरायचा आणि कपाळावर हात धरून, किल्ल्यावरून शत्रू शोधल्यासारखा दोन्हीकडे बघायचा. अख्खी गाडी हसायची. हे हसायचे नाहीत. शिटी झाली की गियर टाकायचे.

संध्याकाळी गाडी डेपोत लावली की ते एका रजिस्टरमध्ये लिहायचे. गाडीत काय बिघडलं ते ड्रायव्हरनं त्यात रोज नोंदवावं, असा नियम होता. बाकीचे ‘ठीक’ लिहून घरी जायचे. हे अर्धा अर्धा तास लिहायचे. ‘ब्रेक उशिरा लागतो.’ ‘डावा मागचा टायर गुळगुळीत.’ ‘वायपर नाही.’ दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा, कारण दुरुस्त काहीच झालेलं नसायचं. नऊ वर्षं त्यांनी असं लिहिलं. मी त्यांना एकदा विचारलं, “काकाजी, कोणी वाचतं का हे?”

“वाचाचं काम त्यायचं. लिहाचं माह्यं.”

मला तेव्हा हे वेडेपण वाटायचं. आमच्यातलाच माणूस, बौद्ध, रामाकोन्याला घर, आपल्या लोकांत कुणी गाडी हातात धरली नव्हती तेव्हा यांनी धरली, आणि एवढ्या किचकट स्वभावामुळे सगळ्यांच्या टिंगलीचा विषय होऊन बसलाय, असं वाटायचं. एकदा गाडी सुटायला वेळ होता आणि मी केबिनच्या दाराशी उभा होतो. धीर करून विचारलं की तुम्ही एवढं पुस्तक का धरून बसता. त्यांनी उत्तर देण्याआधी बराच वेळ काच पुसली.

“बाकीच्याच्या हातून गाडी घसरली तं लोक काय म्हणतील?”

“ब्रेक फेल झाला म्हणतील.”

“माह्या हातून घसरली तं?”

त्यांनी फडकं खाली ठेवलं.

“म्हणतील, यायले कोनं देली गाडी चालवाले.” त्यांनी खिशावर बोट ठेवलं. “या पुस्तकात माह्यं आडनाव नाई लिहिलं, बाबू. यात निस्तं चालक लिहिलं आहे. म्हणून मले हे पुस्तक आवडते.”

एवढं त्यांनी मला सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. पुढे मी जे केलं ते माहीत असून केलं, हे इथं लिहून ठेवतो.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना युनियनचा आणि कंपनीचा जुना करार संपला. नव्या कराराची बोलणी सुरू झाली ती संपेचनात. मागण्या रास्त होत्या, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही: आठ तासांची ड्यूटी, मधे जेवायला वेळ, धड टायर, धड ब्रेक. हेसुद्धा युनियनचे सभासद होते, सभेला वेळेवर जाणारे बहुधा एकटेच. कंपनी ऐकत नाही म्हटल्यावर युनियननं ठरवलं की संप करायचा नाही, सोमवारपासून ‘नियमानुसार काम’ करायचं. कल्पना हुशारीची होती. कंपनीचं वेळापत्रक असं होतं की नियम मोडल्याशिवाय ते पाळताच येत नसे. जेवण सोडा, टपावर माणसं भरा, गुळगुळीत टायरवर पळवा, तेव्हा कुठं गाडी वेळेवर पोचायची. ही सगळी जादा मेहनत ड्रायव्हर लोक स्वतःच्या जिवावर करत होते. ती थांबवली की कंपनी आपोआप जागी होईल.

पण नियम काय आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पुस्तक कुणाकडेच उरलं नव्हतं. शेवटी युनियनचा सेक्रेटरी, जो स्वतः छिंदवाडा गाडीचा ड्रायव्हर होता, चहाच्या ठेल्यावर यांच्याकडे आला.

“पुस्तक द्या न जी एक दिवसासाठी. आंदोलन कराचं आहे.”

“लिहून दे. घेतलं म्हणून.”

“अजी, मी सेक्रेटरी आहो युनियनचा!”

“म्हणूनच लिहून दे.”

सेक्रेटरीनं लिहून दिलं. सगळा ठेला हसत होता.

सोमवारी सगळ्या गाड्या दोन दोन तास उशिरा. लोधीखेड्याची गाडी तर दुपारी पोचली. आणि कलमवाल्यांची गाडी? पंचवीस मिनिटं उशिरा, रोजच्यासारखी. नियमानुसार काम ते नऊ वर्षं करतच होते; बाकीचे प्रत्येक कलमाशी अडखळत होते, यांचा हात बसलेला होता. त्यांना वेगळं काही करायचंच नव्हतं. त्या आठवड्यात त्यांची गाडी अख्ख्या मार्गावर सगळ्यात जलद ठरली. जे लोक त्यांना मुंगी म्हणायचे ते धावत येऊन त्यांच्याच गाडीत चढायला लागले.

इथवर ही हसण्याची गोष्ट आहे. यापुढे मला हसू येत नाही.

कंपनीला वाटलं, हा आपला माणूस. सौसरच्या डेपोत फळ्यावर नोटीस लागली: या चालकानं आंदोलनाला न जुमानता जास्त मेहनतीनं काम केलं, इतरांनी त्याचा आदर्श ठेवावा. यांनी ती वाचली, टाचण्या काढल्या, कागद घेऊन क्लार्कच्या टेबलावर ठेवला. “यात चूक आहे. जास्त मेहनत लिहिली. मी जास्त काई केलं नाई. दुरुस्त करून लावा.” क्लार्कनं दुरुस्त केली नाही, तशीच परत लावली. यांनी लेखी तक्रार दिली. पण ड्रायव्हरांनी फळ्यावरची नोटीस पाहिली होती, तक्रार पाहिली नव्हती. ठेल्यावर यांच्या बाकावर कुणी बसेनासं झालं.

तिसऱ्या आठवड्यात युनियननं पुढचं पाऊल टाकलं. आता नियमानं नाही भागणार. चांगली गाडीही बिघडली म्हणून लिहा, ताप आला म्हणा, दुसऱ्या गियरवरच चालवा. सेक्रेटरी पुन्हा आला. त्या वेळी मी ठेल्यावरच होतो.

“उद्या क्लच खराब लिहा. सगळे लिहून राहिले.”

“क्लच चांगला आहे. ब्रेक खराब आहे, तो लिहिला आहे.”

“ब्रेक तं तुमी रोजच लिहिता. त्याचं काय वजन राह्यलं? क्लच लिहा.”

“नऊ वर्षं खरं लिहून राहिलो, तं एकानं नाई वाचलं. आता खोटं लिहिलं तं वाचतील?”

“म्हणजे तुमी कंपनीच्या बाजूनं.”

“मागन्या खऱ्या आहेत, भाऊ. खऱ्या मागनीले खोटा क्लच कायले लावता? उद्या ते एक क्लच उघडून पाह्यतील आन् साऱ्याच रजिस्टरले खोटं म्हनतील. माह्या ब्रेकले बी.”

“चमचे आहेत,” सेक्रेटरी उभा राहून मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “कंपनीचे चमचे.”

कलमवाल्यांनी चहा संपवला, ग्लास विसळून ठेवला आणि गाडीकडे गेले.

चार दिवसांनी छिंदवाड्याहून मॅनेजर आला. त्यानं टाइप केलेला कागद आणला होता: कंपनीच्या सर्व गाड्या उत्तम स्थितीत आहेत आणि युनियनची ओरड खोटी आहे. खाली यांची सही पाहिजे होती. आदर्श चालकाची सही. कंडक्टर तिथं होता, त्यानं नंतर आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. यांनी कागद पूर्ण वाचला आणि म्हणाले, “साहेब, ब्रेक खराब आहे. कालही लिहिला.” मॅनेजर म्हणाला, विचार करा, नोकरीचा प्रश्न आहे. हे म्हणाले, “विचार केला आहे. रजिस्टर आणू का?”

त्या दिवसापासून मॅनेजर यांच्याविरुद्ध निमित्त शोधत होता. युनियनला त्यांच्याशी घेणंदेणं नव्हतं. एवढंच उरलं होतं की कुणीतरी निमित्त द्यावं. ते मी दिलं.

माझा इंग्रजीचा पेपर राहिला होता आणि त्याची पूरक परीक्षा पांढुर्ण्याला सकाळी अकराला होती. ती चुकली तर वर्ष जाणार होतं. रात्रभर पाऊस पडून गेला होता. वाटेतल्या नाल्यावर रपटा आहे, म्हणजे बुटका पूल. पूर आला की पाणी त्याच्यावरून जातं. शेजारी एक दगड रोवलेला आहे आणि त्यावर लाल पट्टा आहे. पाणी पट्ट्याच्या वर असेल तर गाडी घालायची नाही. त्या दिवशी पाणी पट्ट्याच्या बोटभर वर होतं. कलमवाल्यांनी गाडी थांबवली, चावी काढली, मांडीवर ठेवली.

एक ट्रक आमच्या शेजारून गेला आणि पाणी उडवत पार झाला. मग एक जीप. गाडीत आरडाओरडा सुरू झाला. मी पुढे गेलो.

“काकाजी, माझा पेपर आहे.”

“दिसून राहिलं मले.”

“ट्रक गेला न!”

“गेला. त्याचे ब्रेक मले माहीत नाई. याचे माहीत आहेत.”

“माझं वर्ष जाईल!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “वर्षच जाईल,” ते म्हणाले. एवढंच.

मला तेव्हा ते ऐकू आलं नाही. म्हणजे शब्द ऐकू आले. साडेतीन तास आम्ही तिथं बसलो. मागून कुणीतरी म्हणालं, हे युनियनचं नाटक आहे, मुद्दाम थांबवून राहिले. पाणी उतरलं, पट्टा दिसला, गाडी निघाली. मी पांढुर्ण्याला पोचलो तेव्हा पोरं पेपर देऊन बाहेर येत होती.

मी परत आलो तर स्टँडवर लोक अजून जमलेले होते. एक जण म्हणाला, “हा पोरगा शिकलेला आहे. लिही रे अर्ज.” माझं हिंदी चांगलं होतं, अक्षर त्याहून चांगलं. मी पानठेल्याच्या फळीवर कागद ठेवून लिहिलं. मी रडत होतो आणि मला वाटत होतं की मी न्यायासाठी लिहितो आहे. गाडी विनाकारण थांबवली असं लिहिलं. लाल पट्ट्याचा उल्लेख केला नाही. आणि शेवटी, अर्जाला जोर यावा म्हणून, माझ्या मनानं एक वाक्य घातलं: या चालकानं युनियनच्या आंदोलनाच्या आडून प्रवाशांना मुद्दाम त्रास दिला. खाली लोकांनी सह्या केल्या, अंगठे लावले. अर्ज मॅनेजरकडे गेला.

आठ दिवसांत कलमवाल्यांना कामावरून काढलं. कारण: आंदोलनाच्या नावाखाली गैरवर्तन. आधार: प्रवाशांचा अर्ज.

महिनाभरानं करार झाला. गुलाल उडाला, सौसरला मिठाई वाटली. करारात एक अट अशी होती की आंदोलनात भाग घेतला म्हणून ज्यांच्यावर कारवाई झाली त्या सगळ्यांना परत घ्यावं. नावांची यादी युनियन देईल. युनियननं यादी दिली. त्यात यांचं नाव नव्हतं.

मी सेक्रेटरीकडे गेलो. तो म्हणाला, “तो आंदोलनात होता कुठं? यादी आंदोलनवाल्यांची आहे.” मी म्हटलं, त्यांना तर आंदोलन केलं म्हणूनच काढलं. तो म्हणाला, “ते कंपनीले विचार.” मी मॅनेजरला भेटलो. तो म्हणाला, “आंदोलन करणाऱ्यांबद्दल युनियनशी बोला. आणि कारवाई तर तुमच्याच अर्जावर झाली.” त्यानं अर्ज काढून दाखवला. माझं अक्षर खरंच सुंदर होतं.

मी दोघांनाही तिथं काही बोलू शकलो नाही, म्हणून इथं बोलतो. एकानं नऊ वर्षं त्यांचं रजिस्टर वाचलं नाही आणि दुसऱ्यानं त्यांच्याच पुस्तकावर आंदोलन उभं केलं. दोघांच्या करारात ब्रेकचं कलम होतं. ज्या माणसानं ब्रेक खराब आहे हे रोज लिहिलं त्याला घरी बसवून ते कलम मंजूर झालं. आणि दोघांनी त्यावर मिठाई खाल्ली. याला मी काय म्हणू? मला शब्द सापडत नाही, आणि मी भाषेचा विद्यार्थी आहे.

मग मी रामाकोन्याला गेलो. ते अंगणात सायकलची चेन साफ करत होते. मी उभाच राहिलो. त्यांनी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

“अर्ज पाह्यला मी,” ते म्हणाले. “चांगला लिहिला होता. मुद्दे बराबर क्रमानं.”

“काकाजी, मी…”

“एक वाक्य खोटं होतं. आन् एक खरं लिहाचं राह्यलं.”

“मी आता लिहून देतो. पाणी पट्ट्याच्या वर होतं असं लिहून देतो.”

“दे,” ते म्हणाले. “रडून लिहू नको. तारीख टाक.”

मी लिहून दिलं. त्यांनी कामगार न्यायालयात दावा लावला. दाव्याच्या तारखा पडत राहिल्या. मधल्या काळात ते संत्र्याच्या खेपा नेणारा एक ट्रक चालवायचे, असं ऐकलं. तिथंही मालकाला ते नकोसेच झाले असणार. मी बी.ए. झालो, एम.ए.साठी नागपूरला आलो, खोली केली. सुट्टीत गावी गेलो की त्यांच्या घराकडची वाट टाळायचो. हे चांगलं केलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा जुना कंडक्टर नागपूरला कुणाच्या तरी दवाखान्याच्या कामाला आला होता, तो शोधत माझ्या खोलीवर आला. बसायच्या आधीच म्हणाला, “चालक महोदय जिंकले!” न्यायालयानं कामावरून काढणं बेकायदा ठरवलं होतं. नऊ वर्षांची सगळी रजिस्टरं मागवली होती म्हणे, आणि कुणीतरी पहिल्यांदा ती वाचली होती. त्यांना परत कामावर घ्या, असा हुकूम झाला.

“मग? गेले का कामावर?” मी विचारलं.

“गेले न. खाकीले इस्त्री मारून गेले.” कंडक्टरनं टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. “क्लार्कनं दोन कागद समोर ठेवले. एक हजर झाल्याचा. एक निवृत्तीचा. अठ्ठावन पुरे होऊन चार महिने झाले होते त्यायले. साऱ्या डेपोले राग आला. सेक्रेटरी सोता म्हणे, साहेब, एक खेप तं चालवू द्या, मानासाठी. मॅनेजर म्हणे, नियम नाई.”

“आणि ते?”

“यायनं पुस्तक काढलं. पान पाह्यलं. म्हणे, बराबर आहे, नियम नाई. दोन्हीवर सही केली.”

त्यांनी आयुष्यात एकदा तरी नियम मोडावा असं मला कधी वाटलं असेल तर ते त्या क्षणी.

“मंग माह्याच गाडीत बसले, रामाकोन्याले जायले,” कंडक्टर म्हणाला. “मागच्या सीटवर. पैसे पुढं केले. मी म्हटलं, राहू द्या न जी, कायले लाजवता. तं म्हणे, तिकीट फाड. आता मी प्रवासी आहो.”